वीस डोसांची व्हायल

जानेवारी २०२१ मध्ये आमच्या हॉस्टेलवर लशींच्या विरोधात असलेलं एकही माणूस नव्हतं. ‘डॉक्टरच लस घ्यायला घाबरतात’ असे मथळे तेव्हा रोज येत होते आणि घरचे लोक ते आम्हालाच व्हॉट्सॲपवर पाठवत होते, म्हणून हे आधी सांगते. विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात आमची इंटर्नशिप संपत आली होती. पहिली लाट आम्ही कोविड वॉर्डात काढली होती. पीपीई किटच्या आत घामाने भिजत स्वॅब घेतले होते, नातेवाइकांना फोनवरून नको ते निरोप दिले होते. लस यावी असं आमच्याइतकं मनापासून फार थोड्यांना वाटत असेल. तरीही १६ जानेवारीला देशभर लसीकरण सुरू झालं, तेव्हा पहिल्या यादीत ज्यांची नावं नव्हती त्यांच्या चेहऱ्यांवर जरा सुटका दिसली.

कारण सोपं होतं. आमच्या केंद्रावर हैदराबादची कोव्हॅक्सिन आली होती.

३ जानेवारीला औषध महानियंत्रकांनी दोन्ही लशींना एकदमच परवानगी दिली होती. पुण्यात बनणाऱ्या कोविशिल्डच्या पाठीशी ब्रिटन आणि ब्राझीलमधल्या चाचण्यांचे आकडे होते. कोव्हॅक्सिनची तिसऱ्या टप्प्याची चाचणी तेव्हा चालूच होती. २५,८०० स्वयंसेवक घ्यायचे होते, त्यांची भरतीसुद्धा पूर्ण झाली नव्हती. म्हणून तिला परवानगी मिळाली ती ‘क्लिनिकल ट्रायल मोड’मध्ये, म्हणजे घेणाऱ्याची लेखी संमती घेऊन, चाचणीसारखी. सेकंड इयरला फार्मॅकमध्ये (औषधशास्त्रात) चाचणीचे चार टप्पे आम्ही तोंडी परीक्षेसाठी घोकून घोकून पाठ केले होते. ट्रायल म्हटली की कंट्रोल ग्रुप आला, म्हणजे तुलनेसाठी लस न दिलेला गट, आणि रँडमायझेशन आलं, म्हणजे कोण कुठल्या गटात ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणं. इथे तर सगळ्यांनाच लस मिळणार होती. मग ही ट्रायल कशी? आणि ट्रायल नसेल तर संमतीपत्रावर सही कशाला? मेसमध्ये पोह्यांची प्लेट घेऊन बसलेला जो तो हे विचारत होता. आम्हाला शिकवलं होतं तेच आम्ही विचारत होतो.

गंमत अशी की दोघींपैकी ‘नवीन’ लस कोणती, यावरच आमचं एकमत नव्हतं. माझी रूममेट कोव्हॅक्सिनच्या बाजूची. तिचं म्हणणं, हिच्यात नवीन काय आहे? व्हेरो पेशींवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या पेशींवर, विषाणू वाढवला, मारला, टोचला. रेबीजची लस अशीच बनते, आणि हॉस्टेलमागच्या कुत्र्यांच्या कृपेने निम्म्या बॅचने ती घेतलेली आहे. नवीन असलाच तर त्यातला लशीचा परिणाम वाढवणारा घटक, अॅडज्युव्हंट. उलट कोविशिल्डसारखं चिंपांझीच्या अॅडिनोव्हायरसवर स्पाइक प्रोटीनचं जनुक बसवून ते माणसांना सरसकट टोचायचं, हा प्रकार खरा नवा. समोरच्या खोलीतला गट म्हणायचा, तंत्र जुनं असेल गं, पण ती किती उपयोगी पडते याचा आकडा कुठाय? तंत्र जुनं आणि आकडा नाही, की तंत्र नवं आणि आकडा आहे? रात्री दीडपर्यंत हा वाद चालायचा आणि सकाळी आठच्या ड्यूटीला सगळे डोळे चोळत जायचे.

बाहेरून येणाऱ्या बातम्यांनी वादात तेल ओतलं. एम्सचे तेव्हाचे संचालक रणदीप गुलेरिया यांनी कोव्हॅक्सिन ‘बॅकअप’ म्हणून राहील अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. मग बाकीच्या लशी पाण्यासारख्या, असं एक विधान पुण्याहून आलं आणि त्यावर हैदराबादहून संतापाची पत्रकार परिषद झाली. दोन कंपन्यांच्या मालकांचं हे भांडण आम्ही क्रिकेटच्या मॅचसारखं पाहिलं. दोन दिवसांत दोघांनी संयुक्त निवेदन काढून ते मिटवलं, पण हॉस्टेलवर ते कितीतरी दिवस चाललं. हरियाणाचे मंत्री अनिल विज ट्रायलमध्ये कोव्हॅक्सिनचा डोस घेऊन पंधरवड्यात पॉझिटिव्ह आले होते, हे तर प्रत्येकाच्या काकांना माहीत होतं. काकांना समजावताना आम्ही सगळे तज्ज्ञ व्हायचो. एकच डोस झाला होता, दुसऱ्या डोसानंतर प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो, वगैरे. फोन ठेवला की एकमेकांकडे बघून म्हणायचो, “पण खरंच, आकडा कुठाय?”

१६ तारखेलाच दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने पत्र लिहून कोव्हॅक्सिनऐवजी कोविशिल्ड मागितली. ते पत्र दुपारी आमच्या ग्रुपवर आलं आणि संध्याकाळपर्यंत कुणीतरी ते काढून टाकायला लावलं. कुणी, ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर एक सूचना लागली, सर्व इंटर्न्सनी लस घेणं अपेक्षित आहे. ‘बंधनकारक’ लिहिता येत नव्हतं, कारण सरकारनेच लस ऐच्छिक ठेवली होती. म्हणून ‘अपेक्षित’. त्या सूचनेने एकाचंही मत बदललं नाही. जे घेणार होते तेही चिडले.

याच सुमारास पीएसएमच्या, म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाच्या, एका रेसिडेंट मॅडमनी मला एक काम दिलं. त्या काळात देशभरातल्या कॉलेजांमध्ये असे गुगल फॉर्म फिरत होते. वैद्यकीय विद्यार्थ्यांचा कोविड लशीबद्दलचा दृष्टिकोन काय, वगैरे. मी हॉस्टेलवर फॉर्म भरून घ्यायचे. नाव लिहायचं नव्हतं. मुख्य प्रश्न असा: लस उपलब्ध झाल्यास तुम्ही ती घ्याल का? पर्याय: हो, नाही, नक्की सांगता येत नाही. 

मी खोल्याखोल्यांतून फिरले आणि लोक मला पर्याय सोडून भलतीच उत्तरं द्यायला लागले. घेईन, पण दुसरी. घेईन, पण मार्चमध्ये. घेईन, पण पीजी एंट्रन्स झाल्यावर, मध्येच ताप आला तर अभ्यासाचे दोन दिवस जातील. घेणार नाही, मला ऑक्टोबरमध्ये होऊन गेलाय, माझ्या वाट्याची दुसऱ्या कुणाला द्या. घेईन, पण आईला सांगू नकोस. एका मुलाने ‘नाही’वर टिक केलं आणि वर म्हणाला, “उद्या नंबर आला तर घेऊन टाकीन ना, पण आज विचारून राहिली तर नाही.” ही सगळी मंडळी शेवटी ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ या दोन डब्यांत गेली. त्या डब्यांना संशोधनाच्या पेपरात ‘लशीबद्दल साशंक’ म्हणतात. ‘वैद्यकीय विद्यार्थ्यांमध्ये संकोच’ असा निष्कर्ष वाचला की अजूनही मला तो मुलगा आठवतो. तो पुढे आमच्या गटातल्या अगदी पहिल्या काहींमध्ये लस घेऊन आला.

फॉर्ममध्ये खाली एक साधा प्रश्न होता, हेपेटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का? हा प्रश्न कुणाला महत्त्वाचा वाटला नाही, आणि मला वाटतं खरी बातमी तिथेच होती. हेपेटायटिस बीची लस जुनी, सुरक्षित, आकडे रग्गड. आमच्यापैकी एकालाही तिच्याबद्दल काडीची शंका नव्हती. सुई टोचून घेण्याचा धोका आम्हाला रोजचा, लेबर रूममध्ये तर तासातासाला. शून्य, एक आणि सहा महिने हे वेळापत्रक झोपेतून उठवलं तरी सांगू. पण फॉर्म भरताना लोक एकमेकांना विचारत होते, “अरे, तिसरा आपण घेतला होता का?” फर्स्ट इयरला कॉलेजने रांगेत उभं करून दोन डोस दिले, तिसऱ्याच्या वेळी परीक्षा होती. अँटिबॉडी तयार झाल्या का, हे तपासून पाहिलेली मुलगी मला संपूर्ण मजल्यावर क्वचित सापडली असेल. म्हणजे जिच्याबद्दल रात्री दीडपर्यंत भांडण, ती लस बॅचमधल्या जवळपास सगळ्यांनी शेवटी घेतली. आणि जिच्याबद्दल एक शब्दही वाद नाही, ती अर्धवट राहिली. दृष्टिकोनाचे फॉर्म भरून घेणाऱ्यांनी याचं काय करायचं ते करावं.

सूचनेने जे झालं नाही ते थोडंफार पीएसएमच्या एका सरांनी केलं. त्यांनी लेक्चर हॉलमध्ये बोलावलं, स्लाइड एकही नव्हती. म्हणाले, तुमचे प्रश्न विचारा, नावं कुठे जाणार नाहीत. पहिला प्रश्न अर्थातच एफिकसीचा, लस किती परिणामकारक याचा. सर म्हणाले, “ती आज कुणालाच माहीत नाही. मलाही नाही.” हॉलमध्ये एकदम चुळबुळ झाली. इतक्या दिवसांत हे कुणी तोंडाने कबूल केलं नव्हतं. मग त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. लस किती उपयोगी पडेल, हा प्रश्न अजून उघडा आहे. ती घेऊन तातडीचा धोका किती, याचं उत्तर मात्र पहिल्या दोन टप्प्यांतून बरंचसं मिळालंय. पहिल्या टप्प्यात ३७५ जण होते, आणि तो अहवाल त्याच आठवड्यात, २१ जानेवारीला, लॅन्सेटच्या संसर्गजन्य रोगांवरच्या नियतकालिकात आला होता. “उपयोग कमी निघाला तर तुमचं काय जाईल, आणि चांगला निघाला तर काय मिळेल, ते कोविड वॉर्डात ड्यूटी करणाऱ्या माणसाने स्वतः मांडून बघावं,” एवढंच म्हणाले.

मग त्यांना हाफकिन आठवले. मुंबईत प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या प्रयोगशाळेत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. सरांचा सूर जरा भारावलेला होता. मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, पण नंतर भायखळ्याच्या तुरुंगात त्यांनी कंट्रोल ग्रुप ठेवला होता ना?” हॉल हसला, सरही हसले. म्हणाले, “बरोबर. म्हणून तर आज आपण त्यांचं नाव घेतो.” त्या उत्तरानंतर माझ्या शेजारच्या मुलीने मोबाइल काढून केंद्रावरच्या सिस्टरांना मेसेज केला, माझं नाव कधी येतंय?

नाव येणं हा वेगळाच तमाशा. लसीकरणाच्या नोंदणीच्या को-विन ॲपने पहिल्या दिवसापासून घोळ घातला. महाराष्ट्रात तर पहिल्या दिवसानंतर लसीकरण थोडं थांबवावंच लागलं. मेसेज यायचा तो रात्री अकराला, उद्या सकाळी नऊला हजर राहा. कुणाला यायचाच नाही. सोडून गेलेल्या सीनियरला यायचा, तो पुण्यात बसून आम्हाला स्क्रीनशॉट पाठवायचा. दिवसाला शंभर जणांचं सत्र, पण प्रत्यक्षात खुर्च्या रिकाम्या. 

आणि इथे व्हायलचा, म्हणजे लशीच्या छोट्या बाटलीचा, मुद्दा येतो. कोव्हॅक्सिनच्या तेव्हाच्या एका व्हायलमध्ये वीस डोस असायचे. कोविशिल्डच्या व्हायलमध्ये दहा. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरलेली फेकून द्यायची. चौदा माणसं आली असतील तर सिस्टरांनी काय करायचं? चौदा जणांना परत पाठवायचं, की सहा डोस वाया घालवायचे? सिस्टर तिसरा मार्ग काढायच्या. हॉस्टेलला फोन. “बाळा, सहा कमी पडून राहिले, खाली कोण आहे? पाठव ना पटकन.” लशीच्या बाजूने आणि विरुद्ध इतके युक्तिवाद ऐकलेल्या आमच्या बॅचमधले कितीतरी जण शेवटी या फोनवर गेले. कुणी आंघोळ अर्धवट टाकून, कुणी मेसमधून हात न धुता. समोर उघडलेली व्हायल वाया जातेय हे डॉक्टर होऊ घातलेल्या माणसाला बघवत नाही. माझाही नंबर असाच लागला. मी काही रात्रभर विचार करून आकडेमोड मांडलेली नव्हती. ती सिस्टर मला लेबर रूमपासून ओळखत होती आणि तिला नाही म्हणणं मला जमलं नसतं.

प्रक्रिया मात्र नीट होती, हे सांगायला हवं. दारात ओळखपत्र, आत को-विनवर नाव, मग संमतीपत्र. ते मी अथपासून इतिपर्यंत वाचलं. लशीची परिणामकारकता अजून सिद्ध व्हायची आहे असं त्यात सरळ लिहिलेलं होतं, गंभीर दुष्परिणाम झाल्यास कंपनी भरपाई देईल हेही होतं. ताप, दुखणं, लाली यांची सात दिवस नोंद ठेवायला एक तक्ता दिला. इतकं प्रामाणिक संमतीपत्र मी वॉर्डात पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे पेशंटच्या सह्या कशा घेतात ते कुठल्याही इंटर्नला विचारा, ‘इथे, इथे आणि इथे’. मला वाटतं, त्या कागदाने घाबरवलं त्यापेक्षा जास्त लोकांना धीर दिला असता, पण तो नीट वाचायला बसायला कुणाला जागाच नव्हती. मागून रांग, “झालं का मॅडम?”

डाव्या दंडात अर्धा मिली. सिस्टरने चार गोष्टी सांगितल्या, ज्या आम्ही बाळांच्या आयांना सांगतो त्याच. कोणती लस, काय होऊ शकतं, पुन्हा कधी यायचं, आणि अर्धा तास इथेच बसायचं. निरीक्षण कक्षात अॅड्रेनालिनचा ट्रे, ऑक्सिजनचं सिलिंडर आणि सेल्फी काढणारे लोक. दंड दुखला, रात्री अंग कसकसलं, पॅरासिटामॉल घेतली. तक्त्यात तिसऱ्या दिवसानंतर मी काही लिहिलं नाही. बाकीच्यांचंही थोड्याफार फरकाने तेच झालं.

पुढच्या आठवड्यात माझी ड्यूटी त्याच केंद्रावर लागली, आणि यातला सगळ्यात विचित्र भाग तिथे घडला. आता सफाई कर्मचारी, वॉर्डातल्या मावश्या, मामा, आशाताई येत होत्या. वॉर्डातली एक मावशी खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “कोणची हाय हे? पुण्याची का हैदराबादची?” मी म्हटलं हैदराबादची. “तिची परीक्षा अजून पुरी नाही झाली म्हणते. माह्या भाच्यानं सांगतलं.”

हा तोच प्रश्न होता. तिसऱ्या टप्प्याचा डेटा कुठाय? मेसमध्ये विचारला तर ती शास्त्रीय चिकित्सा. मावशीने विचारल्यावर टेबलावरच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद ‘गैरसमज, समुपदेशन केले’ अशी झाली. मी शेजारी बघत होते. आमच्याच बॅचचा एक मुलगा, जो स्वतः दोन आठवडे थांबला होता, एका मामाला आवाज चढवून सांगत होता, “काही होत नाही, व्हॉट्सॲपवर विश्वास नका ठेवू.” मामांनी व्हॉट्सॲपचं नावही काढलं नव्हतं. त्यांनी विचारलं होतं ते इतकंच की शुगरची गोळी चालू आहे, चालेल का.

मावशीला मी म्हटलं, परीक्षा चालू आहे, निकाल लागायचाय. धोका काही मोठा दिसलेला नाही, फायदा किती ते कळायचंय. तिने विचारलं, “तुमी घेतली का?” मी दंड दाखवला. दंडावर दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, पण ती हसली आणि पदर बाजूला केला. फायदा किती हे कळायचंय, हे वाक्य ऐकून ती उठून जाईल असं मला वाटलं होतं. गेली नाही. आमच्याबरोबरच्या एका सिस्टरला मात्र माझं बोलणं आवडलं नाही. “इतकं सांगाले नाही लागत,” म्हणाल्या.

फेब्रुवारीत सगळं पालटलं, आणि त्यात युक्तिवादांचा हात फारसा नव्हता. अमरावतीत रुग्ण वाढायला लागले, तिथे पुन्हा लॉकडाऊन लागलं, आमच्या वॉर्डात खाटा भरल्या. थांबलेले लोक न बोलावता केंद्रावर यायला लागले. १ मार्चला पंतप्रधानांनी एम्समध्ये कोव्हॅक्सिनच घेतली, त्याचा परिणाम आमच्यावर कमी आणि आमच्या आईवडिलांवर जास्त झाला. ३ मार्चला अंतरिम निकाल आला, ८१ टक्के. त्यावरही हॉस्टेलवर एक रात्र गेली, कारण तो आकडा अवघ्या ४३ रुग्णांवर बेतलेला होता, ३६ प्लासिबोवाल्यांत, म्हणजे लस नसलेलं इंजेक्शन मिळालेल्यांत, आणि ७ लसवाल्यांत. “कॉन्फिडन्स इंटरव्हल बघ ना किती रुंद असेल!” म्हणजे खरा आकडा कुठून कुठवर असू शकतो तो पट्टा. पण आता वाद घालणारे सगळे लस घेतलेले होते, त्यामुळे आवाज खालच्या पट्टीत होता. ११ मार्चला कोव्हॅक्सिन ट्रायल मोडमधून बाहेर आल्याचं जाहीर झालं आणि ते संमतीपत्र गेलं. 

मार्चच्या मध्यावर युरोपातल्या देशांनी रक्ताच्या गुठळ्यांच्या तक्रारींमुळे ॲस्ट्राझेनेकाची लस, म्हणजे आपल्याकडची कोविशिल्डच, काही काळ थांबवली. समोरच्या खोलीतला कोविशिल्ड पक्ष त्या आठवड्यात फार शांत होता. माझ्या रूममेटने त्यांच्या दारावर काही कागद वगैरे चिकटवला नाही, एवढा मोठेपणा तिने दाखवला.

पण तिची गोष्ट तिथे संपत नाही. ती यूएसएमएलईची, म्हणजे अमेरिकेत डॉक्टरकी करण्यासाठीच्या परीक्षेची, तयारी करत होती आणि तिला त्याच हिवाळ्यात अमेरिकेत ऑब्झर्व्हरशिपसाठी, तिथल्या रुग्णालयातलं काम पाहायला, जायचं होतं. एप्रिल-मेच्या लाटेतून आम्ही बाहेर पडलो तोवर हॉस्टेलवरचा प्रश्नच बदलला होता. कोणती लस जास्त चांगली, हे कुणी विचारत नव्हतं. कोणती कुठे चालते, हे विचारत होते. कोव्हॅक्सिन जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत नव्हती. ब्रिटनची प्लॅब परीक्षा देणारे, जर्मनीला जायचं म्हणून जर्मन शिकणारे, सगळे कोविशिल्डच्या मागे लागले, आणि जानेवारीत ‘डेटा येऊ दे’ म्हणून थांबलेल्यांना आता दूरदृष्टीचं श्रेय मिळू लागलं. माझी रूममेट, जिने रेबीजच्या लशीचा दाखला देऊन निम्म्या मजल्याला समजावलं होतं, ती रात्री बसून ‘दोन्ही लशी घेता येतात का’ ते शोधायची. को-विनवर तिचे दोन डोस आधारसकट नोंदलेले होते, त्यामुळे ती वाट बंदच होती.

अखेर ३ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत कोव्हॅक्सिनचं नाव आलं. ८ नोव्हेंबरपासून अमेरिकेने लस घेतलेल्या परदेशी प्रवाशांना यायची मुभा दिली, तीत कोव्हॅक्सिन धरली गेली. त्याच महिन्यात लॅन्सेटमध्ये तिसऱ्या टप्प्याचा निकाल छापून आला, ७७.८ टक्के. प्रवासात कुणी विचारलंच तर असावा म्हणून तिने तो पेपर प्रिंट काढून फाइलमध्ये ठेवला, आकडा कॉन्फिडन्स इंटरव्हलसकट पाठ केला. चेक-इनच्या काउंटरवरच्या मुलीने प्रमाणपत्रावरचं लशीचं नाव आणि दोन तारखा बघितल्या आणि विचारलं, बॅगेत लोणचं आहे का?